एक्केचाळीस मीटर

माझं घर शाळेपासून एक किलोमीटर एक्केचाळीस मीटर लांब आहे, असं शाळेनं कागदावर लिहून दिलं, तेव्हा मी तो कागद क्लार्कच्या टेबलावर परत सरकवला आणि म्हणाले, "कमी करा."

क्लार्कनं चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, हे अंतर आहे. भाव नाही."

"सगळं कमी होतं," मी म्हणाले.

यात माझा काही दोष नाही. सतरा वर्षांची होते तेव्हापासून मी घासाघीस करतेय. आम्ही जुन्या भाईंदरचे कोळी. आई मासे विकायची, आणि तिच्या टोपलीशेजारी बसून मी बोलायला शिकले ते आकड्यांनीच. नववीत शाळा सुटली. मग दुसऱ्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात साडीला फॉल लावायला बसले, मग तोच कोपरा भाड्यानं घेतला, आणि आज केबिन रोडला माझं स्वतःचं पडद्यांचं दुकान आहे. आठ बाय दहा, पण माझं. खिडकी चार फुटांची असली तर कापड आठ फूट लागतं, नाहीतर चुण्या पडत नाहीत, हे गिऱ्हाइकाला पटवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. उरलेलं अर्धं, सुरतेचा व्यापारी मला जे पटवायला बघतो ते न पटवून घेण्यात. त्यामुळे कुणी एक आकडा सांगून गप्प बसलं की मला वाटतं, हा माणूस माझ्या तोंडाकडे बघतोय आणि पुढचा आकडा मी बोलायची वाट बघतोय.

आता त्या शाळेबद्दल. ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. म्हणजे तिची मागची भिंत दिसते, मध्ये नाला आहे. सकाळची प्रार्थना मला पाठ आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मी दुसरा कुकर लावते, कारण त्यानंतर तासाभरात दुकान उघडायचं असतं. स्पर्धेत कोणत्या वर्गाचा आरडाओरडा जास्त तेही मला भाजी चिरता चिरता कळतं. मुलगी झाली त्याच वर्षी मी ठरवून टाकलं होतं, ही इथे जाणार. चांगली शाळा, सेमी-इंग्रजी, वर्गात शिक्षक असतात, आणि पोरगी तिसरी-चौथीत गेली की एकटी चालत घरी येईल. दुकान चालवणाऱ्या बाईला याहून जास्त काही लागत नाही. मी शाळेत जायची तेव्हा मला सोडायला आणि आणायला कुणी नव्हतं. पावसात दप्तर डोक्यावर धरून जायचं, आणि ज्या दिवशी आईबरोबर बाजारात बसायचं असेल त्या दिवशी जायचंच नाही. असे दिवस वाढत गेले आणि एक दिवस शाळाच उरली नाही. माझ्या पोरीचं असं होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून शाळा इतकी जवळ पाहिजे होती की चुकवायला जागाच राहू नये.

पण ही अक्कल मला एकटीला नव्हती. पहिलीच्या दोन तुकड्या. शाळेच्याच बालवर्गातली मुलं वर सरकली की बाहेरच्यांना अठरा जागा उरतात. अर्ज दीडशेच्या वर. कुणाला घ्यायचं याचे नियम बोर्डावर लावले होते. आधी ज्यांची भावंडं शाळेत आहेत ती. मग एक किलोमीटरच्या आत राहणारी, आणि अंतर इमारतीच्या गेटपासून शाळेच्या पुढच्या गेटपर्यंत चालत जाण्याचं धरायचं. मग उरलेल्यांच्या चिठ्ठ्या.

भावंडंवाली सात निघाली. किलोमीटरच्या आतली नऊ. मी बोर्डासमोर उभ्याउभ्याच हिशोब केला. सात आणि नऊ सोळा, राहिल्या दोन. त्या दोन जागांसाठी बाकीचे आम्ही सगळे, सव्वाशेच्या वर. पण मी जर मधल्या यादीत दहावी लागले असते, तर चिठ्ठी वगैरे काही नाही, सरळ प्रवेश. मध्ये आडवे आले होते फक्त एक्केचाळीस मीटर. माझ्या दुकानात एका लग्नघराच्या पडद्यांना एका दिवसात एवढं कापड जातं.

"कशावरून मोजलंत?" मी क्लार्कला विचारलं.

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. निळी रेघ आमच्या गेटातून निघाली होती, मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती, चौकाला वळसा घालून, पेट्रोल पंपावरून परत मागे येऊन शाळेच्या दारात. एखाद्या नवीन रिक्षावाल्यानं गिऱ्हाईक फिरवावं तसं.

"असं कोण जातं?" मी म्हणाले. "आम्ही शेजारच्या सोसायटीतून जातो. त्यांच्या मागच्या गेटातून बाहेर पडलं की नाल्यावरचा स्लॅब, मग पिठाची गिरणी, मग शाळा. सगळी दुनिया तिथून दळण घेऊन जाते."

"मॅपमध्ये तो रस्ता नाही."

"मॅप कधी दळायला गेलाय?"

मागे उभे असलेले दोघे हसले. क्लार्क हसला नाही. "ते खासगी गेट आहे, मॅडम. ते येण्याजाण्यासाठी उघडं असतं असं सोसायटीचं लेखी पत्र आणा. मग मुख्याध्यापिका बघतील. तीन दिवस आहेत."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा मीरा रोडच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासतो, त्यामुळे त्याला कशानंच घाम फुटत नाही.

"एक्केचाळीस मीटर म्हणजे फार नाही," तो म्हणाला.

"फार नाही ना? मग देतील का ते सोडून?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला. मी म्हणतोय, भांडू नकोस. पत्र आण, दे आणि ये."

"मी कधी भांडते?"

यावर त्यानं ताटातली भेंडी निवडून खायला सुरुवात केली. आमची मुलगी मात्र म्हणाली, "रोज."

शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे एक गुजराती काका. सत्तरीचे, पांढरा लेंगा, आणि समोरच्यानं काही मागितलं की आधी डोळे मिटून घेणारे. मी ओळखलं, हा माणूस धंद्यातला आहे.

"बेन, गेट तो खुल्ला ही रेहता है," ते म्हणाले.

"तेच लिहून द्या काका."

"बोलना अलग, लिखना अलग." डोळे मिटले. मग एक उघडला. "आपकी तो परदे की दुकान है ना? केबिन रोड पे?"

"आहे."

"हमारे हॉल में ग्यारह खिडकी है. दोपहर को बहुत धूप आती है. बुजुर्ग लोग बैठते है, भजन करते है."

"काका, एका पत्राला अकरा खिडक्या?"

"पत्र तो एक मिनट का है. धूप बारा महिना है."

मला त्यांचं बोलणं इतकं आवडलं की मी खुर्ची पुढे ओढून नीट बसले. मी तीन खिडक्यांवर सुरुवात केली. ते म्हणाले, तीन खिडक्यांना पडदे आणि आठ उघड्या, म्हातारी माणसं काय सावलीसाठी भांडत बसणार? मी म्हणाले, कापड तुमचं. ते म्हणाले, कापड आमचं तर मग तुमचं काय? मी म्हणाले, शिलाई. ते म्हणाले, आणि रॉड? मी उठले. दारापर्यंत गेले. तिथे थांबून चपलेचा पट्टा उगाच नीट केला, कारण समोरच्याला हाक मारायला वेळ द्यावा लागतो.

"बेन, बेसो, बेसो," मागून आलं.

शेवटी ठरलं ते असं: अकराही खिडक्या, शिलाई माझी, कापड त्यांचं, रॉडचं कुणीच काही बोलायचं नाही. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं की मागचं गेट सकाळी सहा ते रात्री नऊ सर्वांसाठी उघडं असतं. शिक्का मारताना म्हणाले, "बच्ची पढेगी, अच्छा है." मग हलकेच, "चुण्या जरा जास्ती रखना."

आता मोजायचं. कंत्राटदाराकडून तीस मीटरची टेप आणली. पण टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. नवरा ड्यूटीवर. म्हणून समोरच्या दारातल्या शेजारणीला बोलावलं.

ही शेजारीण चार वर्षांपूर्वी दादरहून आली. ऑफिसचं काम घरून करते. आवाज इतका मऊ की भाजीवाला तिला दोनदा 'क्या?' विचारतो. मला ताई म्हणते. तिची मुलगी आणि माझी एकाच वयाच्या, एकाच बालवाडीत, आणि तिचाही अर्ज त्याच शाळेत होता. हे मला माहीत होतं. मी काही दानधर्माला निघाले नव्हते. पण हिशोब बसत होता: किलोमीटरच्या आतले नऊ, मी दहा, ती अकरा. जागा अकरा. दोघींचं काम होऊन कुणाचंच काही जात नव्हतं. असा सौदा वर्षातून एखादा मिळतो.

भर दुपारी आम्ही निघालो. ती टोक जमिनीवर दाबून उकिडवी बसायची, मी टेप सोडत पुढे जायची आणि खडूनं खूण करायची. वॉचमननं विचारलं, "मॅडम, पाइपलाइन आ रही है क्या?" गिरणीसमोर डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी सरकून रस्ता दिला, आणि एकीनं तर टेपवरचा पाय उचलायला सांगितल्यावर, "रस्ता रुंद होणार का हो? आमचं दुकान जाणार का?" म्हणून घाबरून विचारलं. नाल्यावरच्या स्लॅबवर शेजारीण म्हणाली, "ताई, इथे बसायलाच पाहिजे का?"

"नाक धर आणि टोक धर."

"दोन्ही कसं धरू?"

शाळेच्या गेटाशी पोचलो तेव्हा आठशे चौऱ्याहत्तर मीटर झाले होते. मी परत एकदा मोजलं. आठशे चौऱ्याहत्तर. एवढं घसघशीत कमी मला सुरतेत कुणी कधी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पत्र आणि मापं घेऊन ऑफिसात. मुख्याध्यापिका आल्या, बारीक, सुती साडीतल्या, कमी बोलणाऱ्या. बाहेर पॅसेजमध्ये वीसेक पालक कागदपत्रं घेऊन उभे होते, दार उघडं होतं. बाईंनी पत्र वाचलं. माझी मापं वाचली. मी गेट, स्लॅब, गिरणी असे टप्पे करून वहीच्या पानावर लिहिली होती. मग त्यांनी क्लार्कला सांगितलं, शिपायाला पाठवून रस्ता बघून या. शिपाई वीस मिनिटांत आला. म्हणाला, "आहे बाई, रस्ता. मी पण दळण तिथूनच नेतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमचं म्हणणं बरोबर दिसतंय. तुम्ही दोघी आता घरी जा. यादी आम्ही बघतो."

आता इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या दुकानात मी एखाद्याला सूट देते तेव्हा तोंडानं बोलत नाही. चिठ्ठीवर आकडा लिहिते, पुढे सरकवते आणि अगदी हळू म्हणते, घ्या आणि निघा. कारण शेजारी तीन गिऱ्हाइकं उभी असतात. ज्याला अक्कल आहे तो चिठ्ठी खिशात घालतो आणि पिशवी उचलून चालू लागतो. समोरच्यानं आवाज खाली आणला की काम झालं. तिथून पुढे एक शब्दही बोलायचा नसतो. हे मी वीस वर्षं इतरांना शिकवत आलेय.

आणि मी निघालेही होते. पिशवी उचलली होती. तेवढ्यात क्लार्क, फाइल बंद करता करता, मान वर न करता म्हणाला, "मोजायला काय, पडद्याचं माप आहे का ते."

झालं.

"पडद्याचंच माप आहे!" मी म्हणाले, आणि आवाज पॅसेजच्या टोकापर्यंत गेला. "पडद्याच्या मापात अर्धा इंच चुकला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून जातं. तुमचं एकशे सदुसष्ट मीटर चुकलंय! आणि आम्ही गुपचूप घरी का जायचं? चोरी केली का? लेखी द्या. बोर्डावर लावा. हा रस्ता माझ्या एकटीचा नाही, सगळ्यांचा आहे!"

शेजारणीनं माझा पदर ओढला. खूप हळू म्हणाली, "ताई, चला."

"का चला? नियम म्हणजे नियम! जो नियम मला, तोच सगळ्यांना!"

पॅसेजमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, "बरोबर बोलल्या वहिनी. आमची बिल्डिंग तुमच्या मागच्याच गल्लीत आहे." आणखी एक बाई म्हणाली, "आमची पण." मी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. मला वाटलं, काय लोक आहेत, काय पाठिंबा आहे.

मुख्याध्यापिकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "लेखी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर नोटीस लागली. शेजारच्या सोसायटीतून जाणारा रस्ता यापुढे सर्व अर्जदारांसाठी अंतर मोजताना धरण्यात येईल. ज्यांना लागू असेल त्यांची नावं मधल्या यादीत घेण्यात आली आहेत. खाली यादी. मी बोटानं मोजत गेले. आमच्या सोसायटीच्या चारही इमारती होत्या. मागच्या गल्ल्या होत्या. टाळ्या वाजवणारे गृहस्थ होते. नवाचे एकतीस झाले होते. जागा अकराच. आणि जास्त झाल्यामुळे, खाली लिहिलं होतं, या यादीसाठीही चिठ्ठ्या टाकण्यात येतील.

मी तिथेच पायरीवर बसले. शिपाई येऊन विचारून गेला, पाणी पाहिजे का. त्याला बिचाऱ्याला वाटलं उन्हानं झालं.

संध्याकाळी आई आली होती. तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेते, मध्ये बोलत नाही. बोलते ती शेवटी.

"काय गो," ती म्हणाली, "एका बाईला पापलेट कमी भावान दिला तं बाजारभर बोंबलत सांगतं का कोनी? त्या मास्तरणीन तुला गप दिला व्हता. तुला अक्कल हाय का न्हाय?"

"तो क्लार्क पडद्यावरनं बोलला मला."

"बोलू दे की! तो बोलला म्हनून पडदा फाटला का?"

 नवरा भेंडी नसतानाही काहीतरी निवडत बसला होता.

चिठ्ठ्यांच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमलो. स्टीलची मोठी कळशी, तीत एकतीस घड्या. शाळेच्या सर्वांत जुन्या मावशींनी डोळ्यांवर ओढणी बांधून हात घालायचा, बाईंनी वाचायचं, क्लार्कनं फळ्यावर लिहायचं. आधी सगळ्यांना कळशी रिकामी दाखवली. मी पुढे जाऊन आत हात फिरवून पाहिला. क्लार्क बघत होता. बघू दे.

पहिली चिठ्ठी टाळ्या वाजवणाऱ्या गृहस्थांची. दुसरी, तिसरी, कोण कोण. आठवी शेजारणीची. तिनं तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसले. ते हसू मी दुकानात ठेवते, दोन तास कापड बघून 'मिस्टरांना विचारून येते' म्हणणाऱ्या बायकांसाठी. नववी, दहावी, अकरावी. संपलं. मग वेटिंग लिस्टच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यात माझी तिसरी.

शेजारणीनं पेढे आणले. मी दारातच घेतले, अभिनंदन म्हणाले आणि दार लावलं. त्यानंतर जवळजवळ दीड महिना मी तिच्याशी बोलले नाही. ती लिफ्टमध्ये असली की मी जिन्यानं जायची. चौथ्या मजल्यावर राहून हे करायला राग तेवढा पाहिजे. तिची काय चूक, असं नवरा म्हणायचा. काही नाही, मला माहीत होतं. पण टेप मी आणली, पत्र मी आणलं, अकरा खिडक्यांची शिलाई मी करत होते, चुण्या जास्ती ठेवून. आणि तिनं फक्त टोक धरलं होतं.

मे महिन्यात वेटिंग हललं. एक कुटुंब वसईला गेलं, एकाला दुसरीकडे मिळालं. मी एक नंबरवर आले. आता एकच जागा सुटायची बाकी होती. मी रोज शाळेत जायला लागले. क्लार्क मला लांबून बघूनच बोटानं 'नाही' करायचा.

आणि एका दुपारी शेजारीण दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, एक सल्ला हवाय. ह्यांच्या चुलतभावानं मीरा रोडच्या एका इंग्रजी शाळेत जागा मिळवून दिलीय. बस घरापर्यंत येते. हे म्हणतात तिकडेच घालू. मला सुचत नाहीये. तुम्ही काय कराल?"

माझ्या हातातली कात्री मी अगदी सावकाश खाली ठेवली. आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा स्वतःच्या पायांनी चालत येऊन स्टुलावर बसला होता.

"हे बघ," मी म्हणाले, "मी कोण सांगणार? पण इंग्रजी ते इंग्रजी. आजकाल सेमी म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. आणि बस घरापर्यंत येते, पोरीला ऊन नाही, पाऊस नाही. या शाळेच्या मागे नाला आहे, डास किती ते तू बघितलंयसच. मुलं हुशार निघायची तर मोकळी हवा पाहिजे. मीरा रोडला किती प्रशस्त..."

मी बोलत राहिले. ती ऐकत राहिली. मग तिच्या गालाला खळी पडली.

"ताई, तुम्ही मला तो हिरवा पडदा विकलात तेव्हा अश्शाच बोलत होतात."

"कुठला हिरवा?"

"जो कुणी घेत नव्हतं तो. रंग उडणार नाही म्हणालात."

"मग, उडाला?"

"उडाला."

 ती अजून हसतच होती, पण बोलली तेव्हा आवाज नेहमीसारखा मऊ नव्हता. "वेटिंगला एक नंबरवर तुम्हीच आहात ना? मला माहीत आहे. मी रोज बोर्ड बघते. म्हटलं, बघू, ताई सरळ विचारतात का."

"बरं, सरळ विचारते. सोडतेस?"

"नाही."

इतकं साधं 'नाही' मी कधी ऐकलं नव्हतं. त्याच्यापुढे काही नव्हतं, मागेही काही नव्हतं. धरायला टोकच नाही.

"ही जागा मला तुमच्यामुळे मिळाली," ती म्हणाली. "तुमच्या भांडणामुळे मिळाली. मला आवाज चढवता येत नाही, ताई, मी उभ्या जन्मात तिथे जाऊन ओरडले नसते. उपकार आहेत तुमचे. पण मुलीची जागा आहे. ती नाही द्यायची. ह्यांना मी आज तसं सांगणार आहे, आधी तुम्हाला सांगावं म्हटलं. जिन्यानं चढून तुमचे गुडघे जातील."

मला खूप राग आला होता. तरी मी समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले, आणि तिच्या चहात साखर कमी सांगायला मुद्दाम विसरले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वेटिंग बंद झालं. मी एक नंबरवरच राहिले. क्लार्क त्या दिवशी स्वतः उठून बाहेर आला आणि म्हणाला, "सॉरी मॅडम." त्यानं असं म्हणायला नको होतं, मी घरून चार वाक्यं तयार करून आणली होती, ती तशीच परत न्यावी लागली. त्यातलं एक तर फारच चांगलं होतं.

मग मी माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर पालिकेची मराठी शाळा आहे तिथे गेले. इतकी वर्षं तिच्यावरून जात होते, आत कधी पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात एक शिक्षिका पुस्तकांचे गठ्ठे सोडत होत्या. मी विचारलं, पहिलीचा प्रवेश?

"जन्मदाखला आणि आधार आणा," त्या म्हणाल्या. "सोमवारी मुलीला घेऊन या."

"एवढंच?"

"अजून काय?"

"चिठ्ठ्या कधी आहेत?"

"कशाच्या चिठ्ठ्या?"

"बरं, अंतर किती पाहिजे?"

त्यांनी सुतळी तोडता तोडता माझ्याकडे पाहिलं. "मुलगी रोज येणार ना? मग झालं."

मला संशय आला. ज्या दुकानात गर्दी नाही तिथला माल मी कधी घेत नाही. मी वर्ग बघायला मागितला. त्यांनी दाखवला. पंखे फिरत होते. फळा काळाभोर. मी नळ उघडून पाहिला, पाणी आलं. इंग्रजी शिकवता का विचारलं, त्या म्हणाल्या पहिलीपासून. पटसंख्या विचारली, त्या म्हणाल्या चोवीस, तुमची आली की पंचवीस. मग शिक्षकांच्या बदल्या किती होतात, तेही विचारलं. त्यांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि मला भांडायला काहीच ठेवलं नाही. घासाघीस करायला समोरच्याकडे काहीतरी अडवलेलं लागतं. इथे सगळं उघडंच होतं. मी इतकी अस्वस्थ होऊन घरी आले की नवऱ्यानं विचारलं, "नाही म्हणाले का?"

"हो म्हणाले," मी म्हणाले. "लगेच."

सोमवारी मी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. मुलीला नवं दप्तर, दोन वेण्या. वर्गात बाईंनी तिला विचारलं, "कुठे बसतेस बाळा?" आणि ती लगेच बसली नाही. तिनं पहिली ओळ बघितली. एका बाकावर बसून उठली. दुसऱ्यावर हात फिरवून पाहिला आणि नाक मुरडलं. मग खिडकीपाशी गेली. तिथे एक मुलगी आधीच बसली होती, पूर्ण बाक अडवून, दप्तर बाजूला आडवं टाकून.

दोघी काहीतरी बोलल्या. दारातून मला शब्द ऐकू येत नव्हते. खिडकीतल्या मुलीनं मान हलवली, नाही. माझ्या मुलीनं कंपास उघडला, आतून नवंकोरं खोडरबर काढलं, गुलाबी, वासाचं, आणि पुढे धरलं. ती मुलगी वास घेऊन विचार करत राहिली. माझी पोरगी कंपास बंद करून जायला वळली. दोन पावलं गेली. मागून हाक आली. दप्तर उचललं गेलं, आणि माझी पोरगी खिडकीकडच्या बाजूला सरकून बसली.

खिडकीकडच्या बाजूला! मी दारातून हात करून तिला खुणावत होते की खोडरबर अख्खं कशाला दिलंस, अर्धं कापून दिलं असतंस तरी ती उठली असती. पण तिचं लक्ष नव्हतं. आणि बाई म्हणाल्या, "आई, तुम्ही निघा आता," आणि दार लावून घेतलं.